विद्यापीठापासून पाच मिनिटांवर

चोवीस लोखंडी कॉट. प्रत्येकीच्या डोक्याकडच्या पट्टीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं आकडा घातलेला, 1 ते 24. मामांनी 2012 च्या मे महिन्यात त्या नाशिकच्या भद्रकालीतून टेम्पोत घालून शहराबाहेर गोवर्धनला नेल्या, नव्या बांधकामातल्या आठ खोल्यांत तीन-तीन लावल्या आणि मला फोन केला, "ये रे, हॉस्टेल बघून जा." त्यातल्या एकाही कॉटवर रोज कॉलेजला जाणारा मुलगा आजपर्यंत झोपलेला नाही.

मी बँकांसाठी मालमत्तेचं व्हॅल्युएशन करतो. नाशिकमध्ये 'विद्यापीठाजवळ', 'कॉलेजजवळ' हे शब्द जागेच्या भावात किती भर घालतात, हे मला रोज कागदावर मांडावं लागतं. त्यामुळे मामांचं प्रकरण घरचं असलं तरी मी ते फाइल उघडावी तसं उघडतो. "आकडे लिही, नाव लिहू नको," एवढ्या अटीवर त्यांची परवानगी आहे.

मामा नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त झाले. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे पैसे हातात होते आणि मुलगा पुण्याला. अशा माणसाचा वास एजंटला लांबून येतो. त्यानं दाखवलेला प्लॉट गंगापूर रोडनं गावाबाहेर पडल्यावर गोवर्धनच्या बाजूला होता. दोन गुंठे, एन.ए. (बिगरशेती) झालेला, सातबारा स्वच्छ. पत्रकावर ठळक अक्षरांत 'विद्यापीठापासून पाच मिनिटांवर'. त्यात खोटं काही नव्हतं. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं ज्ञानगंगोत्री हे आवार खरंच तिथून मोटारसायकलनं पाच मिनिटांवर आहे आणि त्या विद्यापीठाचे विद्यार्थीही खरंच लाखांत आहेत. उभा जन्म नोटा मोजणाऱ्यांच्या खात्यात काढलेला माणूस, आकड्याला थोडाच बिचकणार! लाखांतली दोन डझन पोरं आली तरी पुरे, असा त्यांचा हिशेब. चोवीस कॉट, कॉटमागे बाराशे रुपये, म्हणजे महिन्याला 28,800. प्रेसच्या पेन्शनवर ही साय.

त्या वेळी प्लॉटचा भाव रास्त आहे का, एवढंच त्यांनी मला विचारलं. आजूबाजूचे दोन-तीन व्यवहार आणि रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरपत्रक, पाहून मी होकार दिला. भाव रास्तच होता. पण त्या भावात जी आशा मुरवलेली होती ती खरी आहे का, हे मी तपासलं नाही. या प्रकरणात माझ्या वाटणीची चूक ती.

मुक्त विद्यापीठाची स्थापना 1989 ची, राज्याच्या विधिमंडळाच्या कायद्यानं. राम ताकवले पहिले कुलगुरू. ज्यांना कॉलेजात येणं जमत नाही त्यांच्यापर्यंत कॉलेज नेणं, हीच मूळ कल्पना. शाळा मध्येच सुटलेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम, घरी पुस्तकं, जवळच्या कॉलेजात अभ्यासकेंद्र, सुटीच्या दिवशी संपर्कसत्रं, परीक्षाही त्याच भागात. अहमदपूरचा एसटी कंडक्टर किंवा गडचिरोलीची अंगणवाडी सेविका बी.ए. होते तेव्हा नाशिक हा शब्द तिच्या पदवीच्या कागदावर असतो, पायाखाली नसतो. घर सोडावं लागू नये म्हणून काढलेल्या विद्यापीठाच्या जिवावर मामा खोल्या भाड्यानं देणार होते.

हे आता सरळ दिसतं. तेव्हा एजंटला, मामांना, बँकेला आणि मलाही दिसलं नाही. कारण 'विद्यापीठ' म्हटलं की आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पुण्याचा गणेशखिंड रस्ता येतो. मोठी कमान, सायकलवाली पोरं, चहाच्या टपऱ्या, वर 'रूम मिळेल' अशी पाटी. ज्ञानगंगोत्रीच्या फाटकाबाहेर सकाळी उभं राहिलं तर आत जाणारे बहुतेक कर्मचारी असतात, आणि पिशवीत कागद घेऊन आलेला एखादा गावाकडचा माणूस, ज्याला संध्याकाळच्या गाडीनं परत जायचंय.

पहिल्या वर्षी आठपैकी दोन खोल्या गेल्या. एकीत विद्यापीठात कंत्राटावर काम करणारे दोघं, दुसरीत गंगापूर धरणाच्या बाजूला कुणाच्या तरी फार्महाऊसवर काम करणारं जोडपं. जोडप्यानं आल्या आल्या दोन कॉट बाहेर काढून ठेवल्या. बारा महिन्यांनी मामांनी भाडं उतरवलं, फरक पडला नाही. गिऱ्हाईकच नाही तिथं भाव उतरवून काय होणार? मग त्यांना वाटलं खाणावळ नाही म्हणून पोरं येत नाहीत. एका बाईंशी बोलणं केलं. त्या म्हणाल्या, आधी वीस ताटं दाखवा, मग चूल मांडते. ताटं पोरांची, पोरं नाहीत. तिसऱ्या वर्षी मामांनी तो विषय सोडला.

आता याच शहरातली दुसरी बाजू. माझ्या मावशीचा, म्हणजे मामांच्या धाकट्या बहिणीचा, अमृतधामला टू बीएचके आहे. पत्रकात विद्यापीठाचं नावही नव्हतं. पण के. के. वाघ इंजिनिअरिंग कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर, 1984 पासूनचं. पुढे आडगावला मेडिकल कॉलेज, अजून एक इंजिनिअरिंगचं संकुल. यातलं एकही विद्यापीठ नाही, सगळी संलग्न कॉलेजं. पण तिथं रोज हजेरी लागते.

मावशीनं तो फ्लॅट आधी एका कुटुंबाला दिला होता. 2023 साली त्यांनी सोडला तेव्हा भाडं होतं अकरा हजार. तिनं वही काढली. सहा मुलं, कॉटमागे तीन हजार, म्हणजे अठरा हजार. मे-जून रिकामे धरले तरी दहा महिन्यांचे एक लाख ऐंशी हजार. कुटुंबाकडून बारा महिने मिळूनही एक लाख बत्तीस हजार. वरकड अठ्ठेचाळीस हजार. त्यातून रंग, तुटलेले नळ, जळालेला गीझर आणि दर वर्षी एकदा तरी बदलावा लागणारा बाथरूमचा दरवाजा वजा करा. (तो दरवाजा पोरं नक्की काय करतात हे कुणालाच कळलेलं नाही.) तरी तीस हजार उरतात. मावशी अकरावी पास आहे. हा हिशेब तिनं एका दुपारी केला, आणि त्या पट्ट्यातल्या शेकडो घरमालकांनी तो केलेला आहे. म्हणून तिथं चार माणसांच्या कुटुंबाला टू बीएचके शोधताना नाकी नऊ येतात. रिक्षावाला, दुकानात नोकरी करणारा, आडगाव नाक्यावरचा मेकॅनिक यांची स्पर्धा सहा बापांच्या खिशांशी असते. ते मग हिरावाडीच्या आतल्या गल्ल्यांत किंवा म्हसरूळच्या पुढे सरकतात. कॉलेजचा भाड्यावर परिणाम म्हणतात तो हा, आणि तो विद्यार्थ्यांपेक्षा कॉलेजशी संबंध नसलेल्यांना जास्त सोसावा लागतो.

म्हसरूळ म्हटलं म्हणून तिथलंही सांगतो. दिंडोरी रोडवर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, 1998 सालचं. राज्यभरातली वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंगची कॉलेजं त्याला जोडलेली. इथंही विद्यार्थी नाशकात नाहीत, ते आपापल्या कॉलेजच्या हॉस्टेलात आहेत, मुंबईपासून चंद्रपूरपर्यंत. नाशकात येतात त्या फायली, उत्तरपत्रिका आणि त्यामागून दोन दिवसांच्या कामाला आलेली माणसं. त्यांना खोली नको, लॉज हवा. मी म्हसरूळला बरीच व्हॅल्युएशनं केली. विद्यापीठात नोकरीला असलेली कुटुंबं तिथं घर घेतात हे खरं. पण पगारावर कर्ज काढून स्वतः राहायला घेतलेलं घर आणि कॉटच्या हिशेबानं घेतलेलं घर यांचा बाजार वेगळा. म्हसरूळ वाढलं ते माझ्या मते जुन्या पंचवटीत जागा उरली नाही म्हणून. विद्यापीठानं रस्त्याला पत्ता दिला, एवढंच.

थोडक्यात, नाशिक दोन राज्यव्यापी विद्यापीठांचं गाव आहे आणि भाड्याचा भाव दोघांपैकी कुणीच ठरवत नाही. तो ठरवतात 1914 ची मराठा विद्या प्रसारक आणि 1918 ची गोखले एज्युकेशन सोसायटी यांची कॉलेजं, नंतर आलेली इंजिनिअरिंगची संकुलं आणि अलीकडे त्र्यंबक रोडला महिरावणीचं खासगी विद्यापीठ.

भाडं ठरवणारी आणखी एक गोष्ट आहे आणि ती कुठल्याच व्हॅल्युएशन रिपोर्टात नसते: एसटीचा पास. सिन्नर, निफाड, दिंडोरीचं पोर सवलतीच्या पासवर रोज ये-जा करतं. सकाळी सहाची गाडी, डबा आईचा, रात्री घरी. त्याच्या बापाला तीन हजाराची कॉट कशी परवडेल? खोली घेतात ते त्यापलीकडचे: सटाणा, कळवण, सुरगाणा, मालेगाव, येवला, मग धुळे, नंदुरबार, जळगाव. म्हणजे रोज जाऊन-येऊन जमत नाही इतकं लांब आणि पुण्याला पाठवायची ऐपत किंवा हिंमत नाही इतकं जवळ, असा एक पट्टा आहे आणि नाशिकच्या कॉट त्या पट्ट्यावर चालतात. महिरावणीला परराज्यातली पोरं बरीच. त्यांना शनिवारी घरी जाता येत नाही, दिवाळीलाही सगळे जात नाहीत. त्यामुळे सातपूरच्या अशोकनगरकडचे मालक अशा मुलांना खूश होऊन जागा देतात: बारा महिने भाडं, सुटीतली घासाघीस नाही. हॉस्टेल आवारातच असल्यानं पहिल्या वर्षाची मुलं मात्र बाहेर कमी पडतात. दुसऱ्या वर्षी मेसच्या भाजीला कंटाळली की बाहेर येतात.

2021 च्या जुलैत महापालिकेची सिटीलिंक बस सुरू झाली तेव्हा मला वाटलं होतं की पोरं आता स्वस्त उपनगरांत पांगतील. थोडी पांगलीही. पण खोली शोधणाऱ्या मुलाला बसपेक्षा मित्र जवळ हवा असतो. सटाण्याचे सटाण्याजवळ, नंदुरबारचे नंदुरबारजवळ. एका गावचा एक मुलगा एखाद्या बिल्डिंगमध्ये टिकला की पुढची पाच वर्षं ती बिल्डिंग त्या तालुक्याची.

ज्याच्या शेजारी एकेकाळी हे सगळं होतं, तो कॉलेज रोड आज विद्यार्थ्यांचा राहिलेला नाही. एच.पी.टी. कॉलेज 1924 चं. रस्त्याला नाव त्याच्यामुळे. कॉलेजांमुळे पोरं आली, पोरांमुळे दुकानं आली, दुकानांमुळे जागेला भाव आला. मग बंगले पडले, त्यांच्या आउटहाऊसच्या खोल्या पडल्या. आता तिथं वरच्या मजल्यांवर क्लासेस आणि अभ्यासिका आहेत. वीस बाय तीस फुटांच्या हॉलचं क्लासवाला जे भाडं देतो ते झोपायला जागा मागणारा मुलगा देऊ शकत नाही. पोरं दिवसभर कॉलेज रोडला बसतात आणि झोपायला पंचवटीत जातात.

पैशाच्या तळाशी असलेल्या मुलांचं वेगळं आहे. सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून स्वाधार योजना आहे आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम. मूळ तरतुदीत नाशिकसारख्या शहरासाठी वर्षाला 51 हजार, त्यातले निवासाचे 15 हजार. दहा महिन्यांत वाटले तर महिन्याला दीड हजार. मावशीच्या कॉटचं अर्धं भाडं. उरलेलं अर्धं मुलगा जेवणाच्या पैशातून काढतो, किंवा तिघांच्या खोलीत पाचजण राहतात. शिवाय राहण्याचा पुरावा म्हणून भाडेकरार मागतात आणि तिथं घरमालक अडून बसतो.

करारावर माझं मत जरा तिखट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही' ही समजूत नाशकात घरोघरी आहे आणि महाराष्ट्रापुरती ती चूक आहे. खर्च तरी किती? मावशीच्या अठरा हजारांवर अकरा महिन्यांचे 1,98,000, त्याचे पाव टक्का 495 रुपये मुद्रांक, डिपॉझिटच्या मानलेल्या व्याजावर थोडे, नोंदणीचे एक हजार. बाथरूमच्या दरवाजाहून स्वस्त. तरीही लोक पाचशे रुपयांच्या स्टँपवर नोटरी करून मोकळे होतात, कारण नोंद झाली की उत्पन्न दिसतं. सोसायट्यांचंही तसंच. 2001 च्या शासन आदेशानं बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्यानं देतो तेव्हाचं) सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर नेता येत नाही, पण 'बॅचलर ठेवलात तर दुप्पट' असे ठराव मी डोळ्यांनी पाहिलेत. जीएसटीची भीती मात्र फुकटची. महिन्याला वीस हजारांपर्यंतच्या आणि सलग नव्वद दिवसांच्या मुक्कामाला जून 2024 मध्ये परिषदेनं सूट दिली. नाशकात वीस हजारांची कॉट अजून जन्मायची आहे.

मार्च 2020 मध्ये मात्र पारडं फिरलं. मावशीनं तेव्हा फ्लॅट कुटुंबाला दिलेला होता, म्हणून ती बचावली. तिच्या वरच्या मजल्यावरचा फ्लॅट पोरांचा होता. होळीनंतर पोरं गावी गेली ती गेलीच. आत गाद्या, पुस्तकं, दोरीवर वाळत टाकलेली अंतर्वस्त्रं. मालकाला कुलूप तोडता येईना, भाडंही मागता येईना. त्या वर्षी इंजिनिअरिंगचे प्रवेश इतके लांबले की पहिल्या वर्षाचं पोर नव्या सालातच कॉलेजला लागलं, तेही घरी बसून मोबाइलवर. ज्यांनी चार फ्लॅट भाड्यानं घेऊन कॉट लावायचा धंदा केला होता ते बुडाले. एरवीही या धंद्याचं कॅलेंडर घरमालकाच्या हातात नसतंच. सीईटीचा निकाल, प्रवेशाच्या कॅप फेऱ्या, एखादी कोर्टातली याचिका, आणि जूनमध्ये येणारं भाडं सप्टेंबरात येतं. म्हणून जुनी पोरं सुटीत अर्धं भाडं भरून जागा धरून ठेवतात आणि मालक ते गोड मानून घेतो.

त्याच 2020 मध्ये मामांच्या आठपैकी सहा खोल्या भरलेल्या होत्या.

हे कसं झालं? गोवर्धनच्या त्याच बाजूला, त्याच धरणाच्या काठानं द्राक्षं आहेत. सुला वायनरीची वाइन चाखण्याची खोली 2005 पासून तिथं चालते. पुढच्या वर्षांत आजूबाजूला रिसॉर्ट, हॉटेलं, लग्नाची लॉन्स, मुंबईकरांचे शनिवार-रविवारचे बंगले उभे राहिले. या सगळ्याला माणसं लागतात: वाढपी, स्वयंपाकी, माळी, रखवालदार, गाडी लावणारे, आणि जानेवारीपासून द्राक्षं उतरवायला तात्पुरते हात. त्यांना रात्री उशिरा सुटल्यावर शहरात जायला बस नसते. 2016 च्या सुमारास एका हॉटेलचा मॅनेजर मामांकडे आला आणि त्यानं तीन खोल्या एकदम मागितल्या. मामांनी आधी नाही म्हटलं. "विद्यार्थ्यांसाठी बांधलंय," म्हणाले. मामी आतून म्हणाल्या, "बांधलंय ना? मग राहू द्या कुणाला तरी." लॉकडाऊनमध्ये हॉटेलं बंद पडली तेव्हाही रखवालदार आणि माळी राहिले. झाडांना पाणी लागतंच.

आता मी हा प्लॉट बँकेला लिहून देतो तेव्हा भाव चांगला येतो. 2010 च्या खरेदीभावाच्या कितीतरी वर. मामांचं नुकसान झालं असं कुणी म्हणणार नाही. पण 2012 ते 2016 या चार वर्षांत बांधकामावर घातलेल्या पैशाचं व्याजसुद्धा निघालं नाही, आणि शेवटी भाडं दिलं ते वेगळ्याच धंद्यानं. रिपोर्टात 'जवळची ठिकाणं' असा रकाना असतो. त्यात मी अजून विद्यापीठ लिहितो, कारण ते आहे. पण अलीकडे त्याच्यापुढे मी कंसात एक शब्द घालतो: दूरशिक्षण. एका बँकेच्या साहेबांनी विचारलं, याचा काय संबंध? मी त्यांना कॉटचा किस्सा सांगितला. ते हसले आणि कर्ज मंजूर करताना भाड्याचं उत्पन्न धरलंच.

पुणे विद्यापीठाचं उपकेंद्र दिंडोरी तालुक्यात शिवनईला आलंय. त्या रस्त्यावरच्या पत्रकांवर काय छापलेलं असतं ते सांगायला नको. गेल्या वर्षी एक ओळखीचे गृहस्थ तसलं पत्रक घेऊन माझ्याकडे आले. मी त्यांना म्हटलं, सोमवारी सकाळी साडेदहाला फाटकाशी उभे राहा आणि पाठीला सॅक लावलेली किती पोरं आत जातात ते मोजा. मग त्यातली किती संध्याकाळी एसटीच्या थांब्यावर जातात ते मोजा. उरतील ती तुमची. ते गेले की नाही कुणास ठाऊक, प्लॉट मात्र घेतला.

मामांच्या आठ खोल्यांपैकी आज सात भरलेल्या आहेत. आठवीत उरलेल्या कॉट एकावर एक रचून ठेवल्यात, 9 पासून 24 पर्यंत. पहिल्या आठ हॉटेलच्या पोरांनी वापरून मोडल्या. मी परवा गेलो तर मामांनी त्या खोलीचं दार उघडून हवा खेळती ठेवली होती आणि एका कॉटचा गंज पॉलिश पेपरनं घासत बसले होते. 2027 च्या सिंहस्थाची बातमी पेपरात आलेली. मला बघून म्हणाले, "बरं झालं आलास. इथून रामकुंड किती मिनिटांवर पडेल रे?"